सगळ्या वर्गापर्यंत पोचणारा पाठ कसा आखावा

पाठ आखायला बसाल तेव्हा पहिली वीस मिनिटं मोबाइल आणि लॅपटॉप दुसऱ्या खोलीत ठेवा. तंत्रज्ञानावरच्या लेखाची ही सुरुवात विचित्र वाटेल. पण 'शिक्षकांसाठी पंचवीस भन्नाट अ‍ॅप' छापाचे लेख वाचून, त्यातली निम्मी वर्गात वापरून मी या मताला आले आहे. त्या याद्या बघता बघता शिळ्या होतात. अ‍ॅप बंद पडतं, अचानक पैसे मागायला लागतं, नाहीतर अर्धा तास पासवर्ड आठवण्यात जातो. वर्ग मात्र तोच असतो. कुणी वाचताना अडखळतं, कुणाला कमी ऐकू येतं, कुणाला सगळं कळतं पण हात वर करायचा धीर होत नाही, आणि एखादी मुलगी दोन मिनिटांत गणित संपवून खिडकीबाहेर बघत बसते. या सगळ्यांना एकाच तासाला, एकाच पाठातून शिकवायचं आहे.

या विचाराला 'युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग' असं नाव आहे. त्याचं मूळ इमारतींमध्ये आहे. अमेरिकन वास्तुविशारद रोनाल्ड मेस स्वतः व्हीलचेअर वापरत. इमारत उभी राहिल्यावर मागच्या दाराला उतार चिकटवण्यापेक्षा नकाशा काढतानाच सगळ्यांची वाट ठेवा, असं त्यांचं म्हणणं. १९८४ साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालेल्या 'कास्ट' या संस्थेने ते शिक्षणात आणलं. त्यांची मार्गदर्शक तत्त्वं २००८ साली आली, तिसरी आवृत्ती २०२४ साली. सार असं, की मुलांना पाठात गुंतवण्याच्या, माहिती त्यांच्यापुढे ठेवण्याच्या आणि कळलेलं त्यांना दाखवता येण्याच्या, या तिन्ही गोष्टींच्या एकाहून जास्त वाटा आधीपासून तयार ठेवायच्या. वाचायला सोपं आहे. मी मात्र यात सपशेल आपटले होते, आणि जिथे आपटले तो टप्पा बहुतेक लेखांत एका ओळीत उरकलेला असतो. इथे तोच सगळ्यात लांब आहे.

पहिली पायरी: उद्दिष्ट एका वाक्यात लिहा

एकच वाक्य, एकच क्रियापद. 'अपूर्णांक समजून घेतील' असलं काही नको, कारण 'समजणं' डोळ्यांना दिसत नाही. पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेते: 'छेद वेगळे असलेल्या दोन अपूर्णांकांपैकी मोठा कोणता, हे कारणासह सांगतील.'

दुसरी पायरी: उद्दिष्ट आणि साधन यांची गाठ सोडवा

माझी फजिती आधी सांगते. 'मुलांना निवड द्या' हे कुठेतरी वाचून मी उत्साहाने भारावले होते. अपूर्णांकांच्या पाठाला मी फळ्यावर पर्याय लिहिले: परिच्छेद लिहा, चित्र काढा, व्हिडिओ करा, गाणं रचा, पोस्टर करा. वर्ग खूश, मी खूश. एका गटाने सुरेख पोस्टर आणलं. त्यावर दोन वर्तुळं होती. लहान वर्तुळाचे चार भाग करून एक भाग रंगवलेला, मोठ्या वर्तुळाचे आठ भाग करून एक भाग रंगवलेला. आठाचं वर्तुळ मुलांनी इतकं मोठं काढलं होतं, की त्याचा रंगवलेला भाग चौथाईपेक्षा भरघोस दिसत होता. खाली ठळक अक्षरांत: '१/८ मोठा'. आणि मी त्याला चांगले गुण देऊन ते भिंतीवर लावलं. आठवडाभर ते तिथे होतं. चूक माझ्या लक्षात आली ती दुसऱ्या वर्गातल्या एका मुलाने बोट दाखवल्यावर.

निवड दिली होती, पण निवडीच्या पलीकडे काय दिसायला हवं हे मी ठरवलंच नव्हतं. रंग, नीटनेटकेपणा आणि मेहनत पाहून मी गुण दिले. अपूर्णांकाकडे पाहिलंच नाही.

दुसरी फजिती उलट्या दिशेची. वाचायला नुकती लागलेली मुलं होती. आपण सर्वसमावेशक आहोत या आनंदात मी प्रत्येक उतारा मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी सुरू केलं. प्रश्नांची उत्तरं धडाधड यायला लागली. एक दिवस स्पीकर बंद पडला आणि वर्गात शांतता पसरली. एक मुलगा कितीतरी दिवस फक्त ऐकत होता. जोडाक्षर आलं की त्याची गाडी तिथेच थांबत होती, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. त्या तासांचं उद्दिष्ट अक्षरं उलगडून वाचणं हे होतं आणि नेमकं तेच काम मी यंत्राला देऊन टाकलं होतं.

दोन्ही वेळा मुळाशी एकच गफलत होती. मुलाने काय शिकायचं आणि ते कशातून दाखवायचं, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींत गुंतल्या होत्या. हा गुंता सोडवायची माझी रीत आता ठरलेली आहे. उद्दिष्टातल्या क्रियापदाखाली रेघ मारायची आणि स्वतःला विचारायचं: हे क्रियापद बदललं तर शिकणं बदलतं का?

'जलचक्रावर परिच्छेद लिहितील' हे वाक्य घ्या. 'लिहितील' काढून 'सांगतील' घातलं तरी जलचक्राचं ज्ञान तेवढंच राहतं. म्हणजे लिहिणं हे साधन आहे आणि ते मोकळं सोडायला हरकत नाही. बोलून, आकृतीला नावं देऊन, टाइप करून, कसंही चालेल. आता 'मुद्दे जोडून सलग परिच्छेद लिहितील' हे घ्या. इथे 'लिहितील' काढलं तर पाठच उरत नाही. इथे रेकॉर्डिंगचा पर्याय देणं म्हणजे मुलाला शिकण्यातूनच सुटी देणं. मदत करायचीच तर लेखनाच्या भोवती करा: मुद्दे आधी बोलून काढू द्या, सुरुवातीची वाक्यं द्या, हाताने लिहिणं जड जात असेल तर कीबोर्ड द्या, जास्त वेळ द्या. पण सलग मजकूर त्याचा त्यानेच रचायचा.

कधी कधी एकाच पाठात दोन्ही गोष्टी असतात. आपल्या उदाहरणात समच्छेद करताना पाढे लागतात. पाढे हे या तासाचं उद्दिष्ट आहे का? नाही. मग पाढ्यांचा तक्ता सगळ्यांच्या बाकावर. 'सगळ्यांच्या' हा शब्द मुद्दाम. तक्ता फक्त तिघांना दिलात तर त्यावर 'ढ' असं छापून दिल्यासारखं होतं. ज्यांना पाढे येतात ती मुलं तक्त्याकडे बघतही नाहीत, त्यांचं काही नुकसान होत नाही. 'मग त्यांना पाढे येणार कधी?' हा शिक्षकखोलीतला प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आहे. पाढ्यांच्या तासाला. त्या दिवशी तक्ता कपाटात.

इथे एक इशारा. साधन मोकळं सोडणं आणि उद्दिष्ट खाली ओढणं यांतला फरक विसरू नका. पूर्वी मी एकाच पाठाच्या तीन कृतिपत्रिका काढत असे, हुशार, मधली आणि 'सोपी'. मुलांना कळू नये म्हणून कागदांचे रंग वेगळे ठेवले. पहिल्याच दिवशी मधल्या सुटीपर्यंत वर्गाला पिवळा कागद म्हणजे काय ते कळलं होतं. त्याहून वाईट म्हणजे पिवळ्या कागदावर कारण विचारलेलंच नव्हतं, फक्त '<' किंवा '>' भरायचं होतं. ज्यांना विचार करायची संधी सगळ्यात जास्त हवी होती, त्यांच्याकडूनच मी ती काढून घेतली होती. तेव्हापासून माझ्याकडे उद्दिष्ट एकच असतं आणि कागद एकच असतो.

शेवटचा भाग टाळू नका, मी तो टाळला म्हणून ते पोस्टर भिंतीवर गेलं. पर्याय ठरवण्याआधी निकष लिहा. अपूर्णांकांसाठी माझे तीन आहेत: दोन्ही अपूर्णांकांसाठी 'पूर्ण' एकाच मापाचं घेतलं का, दोन्हीची तुलना समान भागांत केली का, 'म्हणून हा मोठा' हे कारण आलं का. आता प्रत्येक पर्याय या तीन प्रश्नांवर घासून बघा. गाणं? तीन ओळींच्या यमकात समच्छेद बसवताना गणितच सांडतं, गाणं बाद. नुसतं चित्र? ३/८ आणि २/५ हाताने काढून बघा. कोणता मोठा, ते डोळ्यांना अजिबात ठरवता येत नाही. नुसतं चित्रही बाद. मापलेली पट्टी चालते. ४० सेंटिमीटरची कागदी पट्टी घेऊन मापावर घडी घातली की ३/८ म्हणजे १५ सेंटिमीटर आणि २/५ म्हणजे १६. एका सेंटिमीटरचा फरक समोर दिसतो, आणि ४० हा समान छेद कुठून आला तेही मूल स्वतःच बोलून जातं. घडीची धार बोटाला लागते, त्यामुळे अंध मुलालाही हीच पट्टी वापरता येते. त्याच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

एवढी पायरी नीट झाली की अवघड भाग संपला. पहिल्यांदा मला यालाच एक अख्खी संध्याकाळ लागली होती. आता दहा मिनिटं लागतात.

तिसरी पायरी: अडथळे शोधा

मुलांचे दोष शोधू नका, पाठातले अडथळे शोधा. टाचण हातात घेऊन विचारा: वाचता येत नसेल तर हा पाठ कुठे अडेल? ऐकू येत नसेल तर? नवीन भाषेतून शिकत असेल तर? दहा मिनिटांवर लक्ष टिकत नसेल तर? चार खुणा पडतील. त्या चार जागांवरच काम करा, सगळा पाठ उलथापालथा करू नका.

चौथी पायरी: साहित्य असं करा, की यंत्रालाही वाचता यावं

अपूर्णांकाचा कागद असो की इतिहासाची टिपणं, इथे बहुतेकांचं घोडं अडतं आणि त्यांना कळतही नाही. मराठीत टाइप केलेल्या जुन्या फाइली अनेकदा युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या, अक्षरं साठवायच्या सामायिक पद्धतीच्या) आधीच्या फाँटमध्ये असतात. पडद्यावर 'पाणी' दिसतं, पण आत भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, ती चिन्हं वाचतो आणि मुलाच्या कानात निरर्थक बडबड जाते. फाइल युनिकोड आहे का हे तपासायला एक वाक्य कॉपी करून मोबाइलच्या मेसेजमध्ये चिकटवा. मराठी दिसलं तर ठीक, रोमन कचरा दिसला तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून केलेली पीडीएफ हा दुसरा सापळा. यंत्राच्या लेखी ते नुसतं चित्र असतं. मजकुरावर बोट ठेवून एक शब्द निवडता येतो का बघा. येत नसेल तर अक्षरओळख करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून तो काढा, आणि नंतर स्वतः एकदा वाचा. जोडाक्षरांत ती सॉफ्टवेअर हमखास गडबडतात.

बाकीचं पटकन. शीर्षकं ठळक करून भागवू नका, 'हेडिंग' ही शैली लावा, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारता येते. चित्राखाली ते चित्र इथे का आहे हे सांगणारं एक वाक्य द्या. 'फळ्याचं चित्र' एवढ्याने कुणाला काही मिळत नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतल्या फरकाचं प्रमाण साध्या मजकुराला किमान ४.५ : १ असावं असं वेबच्या सुगम्यतेचे नियम सांगतात. ते मोजून देणारी फुकट साधनं आहेत. फिकट राखाडी अक्षरांची फॅशन वर्गात आणू नका. 'लाल रंगातली उत्तरं चुकीची, हिरव्यातली बरोबर' असं फक्त रंगावर सोडू नका, सोबत खूण द्या. व्हिडिओला उपशीर्षकं हवीत आणि आपोआप आलेली उपशीर्षकं तपासल्याशिवाय वापरायची नाहीत. माझ्या एका व्हिडिओत 'छेद' शब्द आला तिथे तिथे 'खेद' उमटला होता. दर दोन वाक्यांनी खेद.

तपासणीसाठी स्वतः स्क्रीन रीडर वापरा. विंडोजवर एनव्हीडीए फुकट मिळतो, अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतो. टॉकबॅक सुरू करण्याआधी तो बंद कसा करायचा हे वाचून घ्या, कारण सुरू झाल्यावर एका टिचकीने काहीच उघडत नाही, दोनदा टिचकी मारावी लागते. डोळे मिटून स्वतःची कृतिपत्रिका पाच मिनिटं ऐका. मी माझी ऐकली त्या दिवशी निम्म्या कृतिपत्रिका पुन्हा केल्या.

पाचवी पायरी: पर्याय दोन ठेवा, फार तर तीन

सात पर्याय दिले की मुलं वीस मिनिटं निवडण्यातच घालवतात, आणि शेवटी मित्राने घेतला तोच घेतात. अपूर्णांकांना माझे दोनच: पट्टी मापून तिच्याशेजारी कारण लिहा, किंवा पट्टी हातात धरून एक मिनिट बोला आणि रेकॉर्ड करा. तिसरा पर्याय कधीतरी एखादं मूल स्वतः सुचवतं. निकषांत बसला तर द्या.

आणि कृपा करून मुलांना 'हा बघून शिकणारा, ही ऐकून शिकणारी' अशी लेबलं लावून पर्याय वाटू नका. शिकण्याच्या शैलीची ती कल्पना प्रशिक्षणांत अजूनही मोठ्या विश्वासाने शिकवली जाते. २००८ साली मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी त्यावरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा शैलीनुसार शिकवल्याने जास्त शिकणं होतं याला पुरेसा आधार सापडला नाही. एकच गोष्ट पट्टीतून, शब्दांतून आणि चिन्हांतून दाखवली तर सगळ्याच मुलांना फायदा होतो. मूल कोणत्या 'प्रकारचं' आहे हा प्रश्नच मनातून काढून टाका.

सहावी पायरी: आता मोबाइल घ्या

आवाज रेकॉर्ड करणं, फोटो काढणं, मजकूर वाचून दाखवणं आणि बोललेलं टाइप करणं. चार कामं, आणि चारही साध्या फोनमध्ये होतात. याच्या पुढचं काही विकायला कुणी आलं तर विचारा, तिसऱ्या पायरीतला कोणता अडथळा हे दूर करतं? उत्तर अडखळलं तर नमस्कार करा.

फोन कमी असतील तर गटात एक पुरतो, पण रेकॉर्डिंग प्रत्येकाचं स्वतंत्र करा, नाहीतर एकच धीट आवाज सगळ्यांच्या वतीने बोलतो. लहान मुलांचा आवाज आणि चेहरा कुठल्या खात्यावर साठतोय ते बघा आणि पालकांना आधी विचारा. इंटरनेटवर अवलंबून असेल असं काहीही तासाच्या मधोमध ठेवू नका. सगळं आधी उतरवून घ्या आणि कागदी पट्ट्यांचा गठ्ठा जवळ असू द्या. बोलून टाइप करणं गोंगाटात साफ फसतं, त्यासाठी कोपरा किंवा व्हरांडा लागतो.

सातवी पायरी: वर्गात

दोन्ही पर्याय आधी स्वतः करून दाखवा, आणि एकदा मुद्दाम चुकीचं करा. वेगवेगळ्या लांबीच्या दोन पट्ट्या घेऊन १/८ मोठा आहे असं ठामपणे सांगा. कुणीतरी ओरडेलच.

प्रश्न विचारल्यावर तोंड बंद ठेवा. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्ग ऐकून मोजलं, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबताना आढळले. थांबणं तीन सेकंद किंवा जास्त केलं तर उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. यासाठी कुठलंच उपकरण लागत नाही. मनात 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' म्हणायचं. पहिल्या दिवशी ती शांतता अंगावर येते.

स्लाइडवरचा मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवू नका. मुलं वाचतात त्यांच्या गतीने, तुम्ही बोलता तुमच्या गतीने, आणि दोन्ही एकमेकांना अडवतात. स्लाइडवर पट्टी ठेवा, शब्द तुम्ही बोला. ज्यांना लेखी हवं त्यांना तोच मजकूर हातात द्या.

आठवी पायरी: तासानंतर

निकषांचे तीन रकाने आणि मुलांची नावं असा एक तक्ता करा. लेखी आणि रेकॉर्ड केलेलं काम त्याच तक्त्यात तपासा. रेकॉर्डिंग तपासायला जास्त वेळ जातो ही तक्रार खरी आहे. म्हणून एका मिनिटाची मर्यादा घातली आहे, ती मोडू देऊ नका. एका पर्यायात सगळ्यांचा तोच रकाना रिकामा दिसला तर मुलांना दोष द्यायच्या आधी तो पर्याय पुन्हा निकषांवर घासा. माझ्या रेकॉर्डिंगच्या पर्यायात दुसरा रकाना असाच रिकामा राहायचा, कारण बोलताना समान भाग कुणी मोजून सांगत नव्हतं. सूचनेत 'प्रत्येक पट्टी किती सेंटिमीटर ते बोला' एवढंच वाढवलं.

त्याच रेकॉर्डिंगांत एका मुलीचं होतं. तिची वही वर्षभर जवळजवळ कोरी होती. पंचावन्न सेकंदांपैकी पहिल्या वीस सेकंदांत नुसता कागद सरकल्याचा आवाज आहे. मग ती म्हणते, "पंधरा. ही सोळा. एकानेच मोठी आहे, पण मोठी आहे."